तांब्याचं पाणी

मासा क्रॉफर्ड मार्केटहून आला, रात्रीच्या गाडीने,
थर्माकोलच्या खोक्यात, फुगवलेल्या पिशवीत.
पहाटे साडेचारला द्वारका चौकात खोकं उतरवून घेतलं,
स्कूटरवर दोन पायांत धरलं, वरून शाल.
शाल त्याला. मी कुडकुडत.

निळा. पाठीवर पिवळी रेघ,
हळदीचं बोट ओढल्यासारखी.

मोठी टाकी हॉलमध्ये आहे. ती त्याला दाखवली नाही.
त्याची सोय मागच्या बंद बाल्कनीत:
तळाला वाळू नाही, खडक नाही,
लपायला पाइपचे दोन एल्बो,
एक हीटर, एक स्पंज, बुडबुडे.
जाळी वेगळी. बादली वेगळी, कडेला लाल टेप.
हात धुवायचे, मगच हॉलमध्ये यायचं.
विशाखा म्हणते, सोवळं पाळतोयस की काय?
मी म्हणतो, सोवळ्याला सुटायची तारीख नसते.
याला आहे. तीस दिवस.

मागच्या वर्षी तारीख पाळली नाही.
दिसायला ठणठणीत होता तो,
अर्ध्या तासात सोडला मोठ्या टाकीत,
कारण संध्याकाळी पाहुणे यायचे होते.
नवव्या दिवशी कल्ल्याजवळ रव्याचा कण.
मग चार. मग एका सकाळी सगळे गळून पडलेले,
आणि आम्ही त्या आनंदात दुसऱ्यांदा चहा केला.
ते गळले नव्हते. उतरले होते.
तळाशी बसून एकाचे शंभर झाले, आणि वर आले.
जोकर माशांची जोडी चार वर्षांची होती.
ओजसने ठेवलेली त्यांची नावं
घरात कुणी घेत नाही.

अण्णा तांबट लेनमध्ये हंडे ठोकायचे.
गल्लीत बोलायचं तर ओरडूनच;
फोनवर मी अजून ओरडतो.
ते म्हणत, रात्रभर तांब्यात ठेवलं
की पाण्यातलं वाईट मरतं.
किती तांबं, किती वाईट, कधी मोजलं नाही त्यांनी.
मी मोजतो.
सिरिंजने, थेंब थेंब,
नळीतला निळा कार्डावरच्या निळ्याशी जुळवत,
खिडकीच्या उजेडात, चष्मा कपाळावर.
कमी पडलं तर किडा जगतो.
जास्त झालं तर मासाच जातो.
मधे नखाएवढी जागा.
पत्र्याचंही तसंच असायचं:
एक ठोका जादा, की भोक.

पाणी गंगापूर धरणाचं. गाळून, मीठ मिसळून,
दिवसभर ढवळून. तशी ही गंगा
पूर्वेला जाते, सगळं दख्खन ओलांडून
खारी होते कुठेतरी लांब.
हे चाळीस लिटर इंदिरानगरातच झालं.
चव घेऊन बघू नकोस, असं ओजसला सांगतो,
आणि तो नसताना मी बघतो.

आठव्या दिवशी त्याने नोरीचा तुकडा ओढला.
चौदाव्या दिवशी मला ओळखलं, किंवा
माझ्या चौकड्याच्या शर्टाला.

बावीसाव्या दिवशी शनिवार. वीज नव्हती नऊ ते चार.
बॅटरीचा पंप लावला, टाकीला रजई गुंडाळली,
संध्याकाळी घाईत दहा लिटर पाणी बदललं.
औषध नंतर घालू म्हटलं.
नंतर लग्नाला गेलो, ओझरला.

रविवारी नळी धरली उजेडात.
निळा फिका.

मासा छान होता. एकही कण नाही,
दोन्ही कल्ले एका लयीत.
विशाखाने विचारलं, काही दिसतंय का?
नाही.
मग?

किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर ओजसने
तिसाव्या चौकोनात मासा काढून ठेवला होता,
हसणारा, पापण्यांसकट.
मी तो खोडला नाही.
रविवारच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली,
बारीक अक्षरात लिहिलं: १.

बाल्कनीत गेलो. थेंब मोजले.
तो एल्बोतून अर्धा बाहेर आला,
शर्ट बघितला,
आणि खाऊची वाट बघत थांबला.